धोम ते माहुली: कृष्णेच्या पाण्याबरोबर एक दिवस सायकलवर

उतारबाज
शनिवार, रात्री ९:५०

पुण्यामुंबईचे सायकलवाले वाईला येतात ते पसरणीचा घाट चढायला. पहाटे गणपती घाटावर एक फोटो, दोन तासांत पाचगणी, वर स्ट्रॉबेरी क्रीम, मग भरधाव उतार आणि संध्याकाळी अ‍ॅपवर आकडे. हरकत काहीच नाही. पण पुलावरून ज्या नदीकडे ढुंकून न बघता ही मंडळी घाटाला भिडतात, तिच्या काठाने एक अख्खा दिवस काढता येतो. त्याबद्दल इथे कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे: धोम, मेणवली, वाई, लिंब आणि माहुली ही गावं रस्त्यावरून बघून कळत नाहीत. पाणी अंगावर आलं तर काय, पाण्यापर्यंत उतरायचं कसं आणि पाणी वर चढवायचं कसं, हे तीन प्रश्न इथल्या बांधकामांनी सोडवलेले आहेत. ते बघायला प्रत्येक ठिकाणी खाली उतरून जावं लागतं. गाडीवाला पार्किंग शोधत वरच राहतो. सायकल घाटाच्या पहिल्या पायरीपर्यंत जाते.

दिशा महत्त्वाची. वरून खाली, म्हणजे धोमकडून साताऱ्याकडे. उतार डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. पश्चिमेचा वारा असलाच तर पाठीशी असतो.

वाईतून उजाडायच्या आत निघून आधी धोम गाठायचं, आठ-नऊ किलोमीटर. लोक इथे धरण बघायला येतात. मी सायकल लावतो ती धोमेश्वराच्या दारात. इथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असं दिसतं. कोरडं असेल तर निम्मी गंमत जाते, तेव्हा पावसाळा सरता सरता जावं. त्याच आवारात उंच गोल चौथऱ्यावर नृसिंह आहे. धौम्य ऋषींवरून गावाला नाव पडलं म्हणतात.

परतीच्या वाटेवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्याच्या मागच्या अंगाला नदीवर उतरणारा घाट. वाड्यात चौकामागून चौक आहेत, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे उघडा असेल तर बघायचा, बंद असेल तर कटकट करायची नाही. घाट मात्र सगळ्यांचा. अर्धचंद्राकार पायऱ्या, वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या दगडी मंडपात टांगलेली ती प्रचंड पंचधातूची घंटा. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यातली ही एक.

सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो. शूटिंग चालू असेल तर सायकल वळवून सरळ वाई गाठा, कारण मग तुम्हाला घाटावरच कुणी येऊ देणार नाही.

वाईत वेळ काढा. ढोल्या गणपतीचं दर्शन सगळेच घेतात, पण देवळाला वळसा घालून मागे कुणी जात नाही. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, धार नदीच्या वरच्या अंगाला. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन बाजूंनी निघून जातं. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. नदीच्या पात्रात एवढा मोठा गणपती बसवायचा तर पुराशी आधी बोलणी करून घेतली पाहिजेत, हे त्यांना ठाऊक होतं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. वाईतले घाट, देवळं आणि वाडे बघताना हे नाव दर वळणावर भेटतं.

वाई ते पाचवड रस्ता सरळ आणि कंटाळवाणा, अकरा किलोमीटर. पाचवडला महामार्ग लागतो. हा या दिवसातला एकमेव वाईट तुकडा. सेवा रस्ता असेल तिथे तो, नसेल तिथे डावीकडची पांढरी रेघ, कानात काही घालायचं नाही आणि गप्पा बंद. आनेवाडीचा टोलनाका मागे टाकला की लिंबचा फाटा बघायचा.

लिंबची बारा मोटेची विहीर फोटोंत सगळ्यांनी बघितलेली असते. प्रत्यक्षात आधी दिसते ती नुसती जमीन. मग पायऱ्या, मग दरवाजा, मग एकदम पायाखाली खोल पाणी. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ मध्ये (म्हणजे १७१९ ते १७२४) विरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. शिलालेख दारावरच आहे. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून उपविहीर, आणि दोन्हींच्या मधे चक्क एक छोटा महाल. भर दुपारी या महालात बसलं की बाहेर ऊन आहे हे खरं वाटत नाही.

तिथून सातारा चौदा-पंधरा किलोमीटर. पण शहरात शिरायचं नाही. वाढे फाट्यावरून विचारत विचारत माहुली गाठायची. कृष्णा आणि वेण्णेचा संगम. एका काठावर संगम माहुली, दुसऱ्या काठावर क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ मध्ये श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. साताऱ्याच्या राजघराण्याच्या समाध्या इथेच, त्यात शाहू महाराजांची आहे आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही. वाघापासून वाचवलं म्हणून महाराजांनी कुत्र्याची समाधी बांधली, ही गोष्ट साताऱ्यात शेंबडं पोरही सांगेल.

एकूण अंतर सत्तरच्या आत. ज्याला पसरणी चढता येतो त्याला हे हसू येईल इतकं सोपं आहे, आणि तरी संध्याकाळ होते. फोटो उद्या चढवतो.

---

भटकभवानी
शनिवार, रात्री १०:२०

वा! पहिली मीच. मागच्या भिंतीचं कधी लक्षातच आलं नाही, लहानपणापासून वाईला जातेय.

दोन प्रश्न. एक, मेणवली ते धोम पहाटे अंधारात एकटीने जाण्यासारखं आहे का? दोन, बायकांच्या सोयीचं काय? वृत्तांत लिहिणारे पुरुष हे कधीच लिहीत नाहीत, म्हणून आपलं विचारून ठेवते.

---

उतारबाज
शनिवार, रात्री १०:४५

भटकभवानी, मुद्दा बरोबर. वाईचं एसटी स्टँड आणि महामार्गावरची हॉटेलं सोडली तर काही खात्री देता येत नाही. महामार्गाला लागायच्या आधी पाचवडला एखाद्या मोठ्या हॉटेलात थांबून घ्यावं. पहाटेच्या अंधाराबद्दल स्थानिकांनी सांगावं. गंगापुरीकर काका आहेत का जागे?

---

गंगापुरीकर
रविवार, सकाळी ६:१०

काका जागे नव्हते, आता झाले.

भटकभवानी ताई, रस्त्यावर पहाटे फिरायला जाणारी माणसं असतात, दूधवाले असतात. भीती माणसांची नाही, कुत्र्यांची आहे. उजाडल्यावर निघालात तर काही बिघडत नाही, तेवढी घाई कशाला? धुकं उतरलेलं असलं की धोमच्या बाजूला कमळगड आणि केंजळगडाचे नुसते माथे वर दिसतात.

उतारबाज, लिहिलंय छान, पण वाई एका परिच्छेदात आटोपलीत याचा निषेध नोंदवतो. वाईत सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. बाहेरून येणाऱ्याला फक्त गणपती घाट माहीत. थंडी सरत येते तेव्हा कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. आपल्या घाटावर मांडव पडला की त्या आळीचं घर पाहुण्यांनी भरतं. पुढच्या घाटाची पाळी आली की हीच माणसं तिथे पाहुणी. अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हा महाराजांना यश यावं म्हणून कृष्णेला नवस केला, तो फेडायला हा उत्सव सुरू झाला असं आमचे वाडवडील सांगत आले.

आणि आमच्या गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय आहे, त्याचा उल्लेख नाही? मराठी विश्वकोशाचे वीस खंड या गावात बसून झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. त्याच्या आधीपासून प्राज्ञपाठशाळा. विनोबा तरुणपणी इथे शिकायला येऊन राहिले होते. घाटाच्या पायऱ्यांएवढंच हेही वाईचं बांधकाम आहे, तेवढं लक्षात ठेवा.

---

घाटवेडा_७२
रविवार, सकाळी ८:३०

पसरणीवाल्यांवर टोमणा पोचला. :)

पण दादा, आकड्यांना एवढं हिणवू नका. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. मधे बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे चढ सरासरी पाच टक्क्यांच्या घरात आणि मधे फारसा भसकन उभा तुकडा नाही. घाट शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला मास्तर जवळपास मिळायचा नाही. आणि वरच्या वळणावरून जे खोरं दिसतं, धोमचं पाणी, मधे वाई, पलीकडे पांडवगड, ते तुमच्या काठाकाठाने जाऊन दिसत नाही. आधी वरून नकाशा बघावा, मग खाली उतरून गावं बघावीत असं माझं मत.

शिवाय घाटाच्या पायथ्याला पसरणी गाव आहे, शाहीर साबळ्यांचं गाव. नुसतं सिमेंटचं वळण नाही ते.

---

उतारबाज
रविवार, सकाळी ९:०५

मान्य, मान्य. फक्त एका दिवसात दोन्ही करू नका. घाट चढून आलेला माणूस लिंबच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना रेलिंग शोधतो, आणि तिथे रेलिंग नाही.

---

संशयात्मा
रविवार, सकाळी १०:४०

घंटेबद्दल शंका. गावोगावच्या प्रत्येक मोठ्या घंटेला 'वसईची' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मेणवलीचीच कशावरून? आणि चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. नाना फडणवीस तेव्हा जन्मलेलेही नव्हते. घंटा मधली वर्षं कुठे होती?

---

मोडीवाचक
रविवार, दुपारी १२:१५

प्रश्न चांगला आहे. दोन गोष्टी वेगळ्या करूया.

घंटा ख्रिस्ती देवळातली आहे याला पुरावा घंटेवरच आहे, मेरीची आकृती आणि १७०७ साल. असं ओतकाम त्या काळी आपल्याकडे कुणी देवळासाठी करून घेत नव्हतं. वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा बऱ्याच देवस्थानांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा बघा, तिच्यावर १७२१ आहे. भीमाशंकरलाही एक आहे. म्हणजे मेणवलीची घंटा सुटी, एकटी दंतकथा नाही, ती एका मोठ्या खेपेचा भाग आहे. मेणवलीत ती नेमकी केव्हा टांगली यावर मी पैज लावणार नाही.

नानांच्या वाड्याबद्दल एक भर. 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत जे येतं ते याच वाड्यातलं. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ही कागदपत्रं अभ्यासकांपुढे आणली. उत्तर पेशवाईच्या राजकारणाबद्दल आपण आज ठामपणे जे बोलतो त्यातलं बरंच या घाटामागच्या खोल्यांत रुमालांत बांधून पडलेलं होतं. सायकलवरून जाताना हे डोक्यात असलं तर वाडा बंद असला तरी चालतो.

---

संशयात्मा
रविवार, दुपारी १२:३०

पटलं. हुज्जत घालायला काही उरलं नाही, वाईट वाटतंय.

---

बांधावरचा
रविवार, दुपारी २:००

'बारा मोटेची विहीर' म्हणून सगळे फोटो काढतात पण मोट कशी चालायची हे आता कुणाला माहीत नाही. आमच्या घरी आजोबांपर्यंत मोट होती म्हणून लिहितो.

विहिरीच्या काठावर दगडी वाट पुढे आलेली असते, तिच्या दोन बाजूंना खांब आणि मधे चाक. चाकावरून जाड दोर, त्याला नाडा म्हणायचं. नाड्याच्या टोकाला कातडी मोट. मोटेला खाली सोंड असते, तिला बारीक दोर, तो सोल. बैलजोडी धावेवर, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या उतरणीवर चालते. बैल उतार उतरतात तशी भरलेली मोट वर येते. धाव उतरती ठेवायची ती यासाठी, बैलाचं वजन आपल्या कामाला येतं. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात सुटते, पाणी पाटाला लागतं, आणि मग बैलांना मागच्या पावली वर आणायचं. नवा बैल मागे चालायला शिकेपर्यंत माणसाचा जीव जातो. मोट हाकणारा दिवसभर नाड्यावर बसून गाणी म्हणायचा, कारण बैल आवाजावर चालत.

आता लिंबला जाऊन काठावर उभे राहा आणि मोजा. मोटांच्या जागा पंधरा आहेत, एका वेळी बारा चालत म्हणून नाव बारा मोटेची. बारा मोटा म्हणजे कमीत कमी चोवीस बैल. बारा धावा, बारा हाकणारे. विहीर शंभर फुटांहून खोल. हे पाणी आंब्याच्या बागेला जायचं, हजारोंनी झाडं होती म्हणतात. भिंतीवरची वाघ-हत्तीची शिल्पं लोक बघतात ती बघाच, पण काठावरचे दगड आधी बघा. नाड्याने घासून खाचा पडलेल्या कुठे सापडतात का ते शोधा. राजघराण्यातल्या बाईने शेतीसाठी एवढा पैसा विहिरीत घातला, हे मला महालापेक्षा मोठं वाटतं.

---

भटकभवानी
रविवार, दुपारी २:२५

बांधावरचा, हा स्वतंत्र लेख व्हायला हवा. वाचनखूण साठवली आहे.

---

उतारबाज
रविवार, दुपारी २:४०

+१. मूळ लेखापेक्षा प्रतिसाद भारी, ही आपल्या संस्थळाची जुनी परंपरा.

---

नेकारकाठचा
रविवार, दुपारी ४:१०

मी जर्मनीत नेकार नदीच्या खोऱ्यात राहतो. इथे हायडेलबर्गहून वर हिर्शहोर्न, एबरबाख, पुढे बाड विंफेन असा नदीकाठचा सायकलमार्ग आहे. दर वळणावर एक जुनं गाव, वर एक किल्ला. दमलात तर जवळच्या स्टेशनावर सायकलसकट लोकलमध्ये चढायचं. वाचताना सारखं वाटत होतं की धोम-माहुलीत यापेक्षा कमी काय आहे? पाट्या नाहीत, आणि मधला महामार्गाचा तुकडा आहे. एवढं सोडलं तर माल इथल्याइतकाच, कांकणभर जास्तच.

---

टिवल्याबावल्या
रविवार, दुपारी ४:३०

पाटी लावायची म्हटलं की ती पाटबंधारेची, बांधकामची, पुरातत्त्वची की ग्रामपंचायतीची यावर तीन वर्षं जातील. मग पाटी लागेल. तिच्यावर सायकलचं चित्र नसेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतील.

---

रूळावरची
रविवार, सायंकाळी ६:००

सायकल घेऊन लोकलमध्ये चढण्यावरून आठवलं. उतारबाजांनी सर्वांत मोठी सोय लिहिलीच नाही! साताऱ्याचं रेल्वे स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. म्हणजे तुमचा शेवटचा थांबा आणि परतीची गाडी एकाच ठिकाणी. पुण्यामुंबईकडे जाणाऱ्या गाड्या इथून मिळतात. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकायची तर पार्सलच्या खिडकीवर वेळेआधी जाऊन बुकिंग करावं लागतं. मोटारसायकलसारखा पेट्रोलचा प्रश्न नाही, पण पुढचं चाक, आरसे, बाटली, दिवे काढून पिशवीत घ्या. वजनाने नाही, हाताळण्याने मोडतात.

येतानाही रेल्वे जमते. वाईला स्टेशन नाही, पण वाठार स्टेशनवर उतरून वाईला सायकलने येता येतं. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक वाठारलाच उतरायचे आणि पुढे टांग्याने जायचे. तोच रस्ता. फक्त मग वाईत मुक्काम करावा लागेल, एका दिवसात सगळं कोंबू नका.

---

उतारबाज
रविवार, सायंकाळी ६:२०

रूळावरची, दंडवत. मी आपला दरवेळी मित्राच्या टेम्पोची वाट बघत संगमावर डास मारत बसतो.

---

पंक्चरकाका
रविवार, रात्री ८:१५

थोडं कामाचं.

बारीक चाकाची रोड सायकल घेऊन हा बेत करू नका. घाटाकडे उतरणारे बोळ, लिंबच्या आतला रस्ता, संगमाकडची वाट, सगळीकडे फरशी, खडी नाहीतर माती. ३२ मिमीच्या वरचं टायर ठेवा, हवा थोडी कमी. बाभळीचा काटा हा या भागातला खरा टोलनाका आहे. दोन ट्यूब, पंप आणि काटा काढायला चिमटा. टायर बदलण्याआधी आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूब शंभर पावलांवर बसेल.

दुसरं म्हणजे ऊस. भुईंजला साखर कारखाना आहे. गाळप चालू असलं की पाचवड, भुईंज परिसरात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता भरून चालतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही, आणि उसाची मोळी चाकांच्या बाहेर दोन्ही बाजूंनी आलेली असते. ओव्हरटेक करताना ट्रॅक्टरचं डोकं बघू नका, मागच्या ट्रॉलीची शेपटी बघा. वळणावर ती आत येते. संध्याकाळी पाचनंतर महामार्गावर राहू नका, कुठे पोचलात ते महत्त्वाचं नाही.

---

भटकभवानी
रविवार, रात्री ८:४०

हे फार कामाचं. ट्रॉलीच्या शेपटीचं कुणी सांगत नाही.

खाण्याचं काय?

---

गंगापुरीकर
रविवार, रात्री ९:००

वाईत मिसळ, पोहे, इडली कुठेही. पोटभर खाऊनच पाचवडचा रस्ता धरा. हंगामात रसवंती जागोजागी, बर्फ नको म्हणा. लिंबला विहिरीपाशी सुट्टीच्या दिवशी काही ना काही मिळतं, आडवारी मिळेलच असं नाही. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, पण सायकलच्या पाठपिशवीत उन्हात ठेवू नका.

आणि रंगपंचमीला बेत ठरवू नका. बावधनचं बगाड त्या दिवशी असतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं, म्हणजे उंच खांबाचा लाकडी गाडा, बैल ओढतात, वर खांबाला बांधलेला बगाड्या, आणि खाली लाखांनी माणूस. बघायला जरूर या, पण पायी. सायकल त्या गर्दीत नुसती अडचण.

---

अनवट
रविवार, रात्री १०:१०

लेख आवडला पण माहुली फारच उरकलीत. खंड्याची गोष्ट सगळ्यांनाच माहीत. ताराराणींची समाधीही तिथे आहे, ती कुणाच्या यादीत नसते. ज्या बाईने राजाराम महाराजांनंतर औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षं झुंजवलं, तिची समाधी नदीच्या पात्रात, पुरात बुडणारी. कुत्र्याच्या समाधीपुढे गर्दी आणि हिच्यापुढे गवत. संगमावर जाणार असाल तर आधी ही शोधा. विचारलं तर मंदिराजवळचे लोक दाखवतात.

आणि रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनात राघोबादादांना दोषी ठरवणारे न्यायाधीश.

---

टिवल्याबावल्या
रविवार, रात्री १०:२५

राघोबादादांचं नाव आलं. आता शंभर प्रतिसाद 'ध' चा 'मा' वर. धाग्याचं काश्मीर होण्याआधी मी झोपतो.

---

मोडीवाचक
रविवार, रात्री १०:४०

होऊ देणार नाही. तो वाद दुसऱ्या धाग्यावर.

अनवट यांच्या मुद्द्याला जोडून: माहुलीच्या समाध्या पात्रातच का, असा प्रश्न पडतो. संगम हेच अंत्यविधीचं ठिकाण, त्यामुळे समाधी तिथेच. बांधणाऱ्यांना पुराची कल्पना नव्हती असं नाही. वाईत भिंत माशासारखी काढली, इथे समाध्या पाण्यात बुडू दिल्या. उतारबाजांच्या तीन प्रश्नांत हा चौथा घाला: पाण्याच्या हवाली काय करायचं. आता आपण त्या गाळातून त्या उचलायच्या की नाही, हे मात्र आपल्यावर आहे.

---

उतारबाज
रविवार, रात्री ११:०५

अनवट, मोडीवाचक, दोघांनाही धन्यवाद. माहुलीला मी संध्याकाळी पोचतो आणि उजेड संपलेला असतो, म्हणून तिच्यावर अन्याय होतो. यावर उपाय एकच दिसतो, वाईतला मुक्काम आदल्या रात्री करून लिंबला दुपारी एकच्या आत पोचायचं.

दिवाळीनंतर जायचा विचार आहे. पाऊस संपलेला, धोमचं कुंड भरलेलं, आणि गाळप जोरात सुरू व्हायच्या आधी. वेग जमिनीवर ठेवायचा, घाटवेड्यांनाही प्रवेश आहे. बांधावरचा, तुम्ही लिंबला येऊन मोटेचं प्रत्यक्ष समजावून सांगणार असाल तर महामार्गाच्या तुकड्यावर आम्ही तुम्हाला मधे घेऊन चालवू.

---

बांधावरचा
सोमवार, सकाळी ५:५५

येतो. सायकल नाही माझ्याकडे, गाडीवर लिंबला येऊन थांबेन. तारीख सांगा, फक्त सोयाबीन काढणीच्या आठवड्यात नको.

---

रूळावरची
सोमवार, सकाळी ९:३०

मीही. माहुलीहून परतीला किती सायकली आहेत ते आधी कळवा. एकाच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये दहा सायकली घेऊन गेलो तर पार्सलबाबू आपल्याला संगमावर परत पाठवतील. दोन गाड्यांत विभागून बुकिंग करू.